चार टीबीच्या हार्ड डिस्कला एसएसडीची कॅशे: गेमसाठी काय करायचं, काय टाळायचं

'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये घोडा भरधाव सोडला की माझ्याकडे आधी घोडा पोचायचा आणि गाव मागून यायचं. दुकानाची भिंत ओल्या मातीसारखी लिबलिबीत दिसायची, पाटीवरची अक्षरं दोन-तीन सेकंदांनी उमटायची. त्याच वेळी कॅबिनेटमधून खर्रर्र, टक्, खर्रर्र असा आवाज यायचा. ग्राफिक्स कार्ड बदलायला निघालो होतो, पण खरं कारण तो आवाजच ओरडून सांगत होता. सगळे गेम ज्या ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर होते, तिची दमछाक चालली होती.

गेमची सगळी लायब्ररी मावेल एवढी एसएसडी, म्हणजे तबकडी न फिरवता चिपांवर माहिती ठेवणारी वेगवान ड्राइव्ह, घ्यायचं बजेट नव्हतं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली १२० जीबीची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी मात्र ड्रॉवरमध्ये पडून होती. १५० जीबी जागा मागणारा गेम तिच्यात बसणार नव्हता. पण कॅशे म्हणून लावली तर अख्खा गेम बसायची गरजच नसते. किराणा दुकानदार जसा रोज खपणारा माल हाताशी ठेवतो आणि पोती मागच्या गोडाऊनमध्ये, तसंच हे. गेम राहतो हार्ड डिस्कवरच, त्यातले वारंवार लागणारे तुकडे तेवढे एसएसडीवर उतरवले जातात.

हे कसं करायचं ते पुढे सविस्तर लिहिलंय. विंडोज १० किंवा ११ असलेला डेस्कटॉप पीसी धरून चाललोय. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतील, इथे ती देवनागरीत आहेत.

डिस्क नेमकी कुठे अडते

बहुतेक जण एमबी-पर-सेकंद बघतात आणि तिथेच फसतात. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण ८-९ मिलिसेकंद गेलेलेच असतात. एकूण झाले १२-१३. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेलं वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम ८० तुकडे होतात. तुकडा ६४ केबीचा धरला तर हा वेग होतो सेकंदाला ५ एमबी! तीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना आरामात १८०-२०० एमबी देते. खोक्यावर छापलेला आकडा हा असतो.

गेम उघडताना समजा असे २०,००० तुकडे लागले. हार्ड डिस्कला त्याला २५० सेकंद लागतील. साध्या साटा एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे तिथे शोधाशोधीला तुकड्यामागे ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतं, म्हणून तेच काम चार-पाच सेकंदांत आटपतं. प्रत्यक्षात विंडोज आणि डिस्क मिळून मागण्यांचा क्रम लावून घेतात, गेमवालेही फाइली जवळजवळ ठेवतात, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो. पण रोग हाच. त्यामुळे कॅशेसाठी महागडी एनव्हीएमई (त्याहून वेगवान प्रकारची एसएसडी) पाहिजेच असं नाही, जुनी साटा एसएसडीसुद्धा ही शोधाशोध संपवते.

हेडची ही धावाधाव वाचवायला गेमवाले काय काय करतात याचं एक मजेशीर उदाहरण आहे. 'हेलडायव्हर्स २' पीसीवर १५४ जीबी खायचा. कारण एकच टेक्श्चर (भिंती-जमिनीवर चढवायचं चित्र) अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवलेलं होतं, हार्ड डिस्कवाल्यांना ते जवळ सापडावं म्हणून. डिसेंबर २०२५मध्ये त्यांनी या जादा प्रती काढल्या आणि गेम २३ जीबीवर आला. शिवाय मोजल्यावर कळलं की लोडिंगचा बराचसा वेळ डिस्कमुळे जातच नव्हता, नकाशा तयार करण्यात जात होता.

कॅशे लावायचीच का, हे आधी ठरवा

इथे स्पष्ट बोलतो. तुम्ही महिनोन् महिने एकच गेम खेळता, तो ७० जीबीचा आहे आणि हातात २४० जीबीची एसएसडी आहे, तर कॅशेच्या भानगडीत पडू नका. गेम सरळ एसएसडीवर हलवा. स्टीम या गेमच्या दुकानाच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन नवी ड्राइव्ह जोडा, मग गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, मूव्ह इन्स्टॉल फोल्डर. फुकटात होतं, बिघडण्यासारखं काही नसतं आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग मिळतो.

कॅशेला अर्थ येतो तो एसएसडी लहान आणि गेम मोठे असतात तेव्हा. किंवा एकाच पीसीवर घरातले तिघे तीन वेगळे गेम खेळतात आणि दर आठवड्याला हलवाहलव करायचा कंटाळा येतो तेव्हा. १५० जीबीच्या गेममधलं तुम्ही एका आठवड्यात खरोखर वाचता ते बरंच कमी असतं. ज्या भागात तुम्ही गेलाच नाहीत तिथली टेक्श्चर्स, संपवलेल्या मिशनचे सिनेमे, हे सगळं नुसतं पडून असतं. कॅशे त्याला हात लावत नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कॅशे फक्त दुसऱ्यांदा वाचलेलं लवकर देते. पहिल्यांदा उघडलेला गेम, पहिल्यांदा पाहिलेलं गाव हार्ड डिस्कच्याच वेगाने येणार. ज्यांना दर पंधरा दिवसांनी नवा गेम लागतो, त्यांच्या हाती यातून फारसं काही लागत नाही.

या कल्पनेचा छोटा इतिहास

ही कल्पना नवी नाही. विंडोज व्हिस्टाबरोबर २००७मध्ये रेडीबूस्ट आलं, पेनड्राइव्हला कॅशे करणारं. पेनड्राइव्ह लावा आणि गेम पळवा असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात, तिकडे वळूही नका. इंटेलने २०११मध्ये झेड६८ चिपसेटसोबत स्मार्ट रिस्पॉन्स दिलं, त्यात ६४ जीबीपर्यंत एसएसडी कॅशेला वापरता यायची. २०१७मध्ये ऑप्टेन मेमरीचे १६ आणि ३२ जीबीचे छोटे मोड्यूल आले. तंत्र खरंच सुंदर होतं, पण २०२२मध्ये इंटेलने तो धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. एएमडीचं स्टोअरएमआय २०१८मध्ये आलं. पहिल्या आवृत्तीत ते दोन ड्राइव्हची एकच ड्राइव्ह करायचं, २०२०मध्ये नव्याने आलं तेव्हा कॅशेच्या पद्धतीवर गेलं.

जुन्या मदरबोर्डावर यातलं काही मिळत असेल तरी मी टाळायला सांगेन. इंटेलच्या पद्धतीत बायोसमध्ये (पीसीच्या विंडोजआधीच्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून रेडवर (RAID) न्यावा लागतो, आणि आधीच बसवलेलं विंडोज त्या बदलानंतर उघडायलाच नकार देऊ शकतं. म्हणून पुढची कृती प्रायमोकॅशे या प्रोग्रॅमने करू. बोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, ते चालतं. विकतचं आहे, पण ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. तेवढ्यात फरक पडला नाही तर काढून टाका आणि पैसे वाचवा.

डिस्कची तब्येत

मरायला टेकलेल्या डिस्कला कॅशे लावणं म्हणजे गळक्या टाकीला नवा नळ बसवणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं टूल उघडा. 'रिअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींत 'रॉ व्हॅल्यू'च्या रकान्यात शून्य हवं. पेंडिंगमध्ये आकडा दिसला तर हा लेख इथेच थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. 'सीआरसी एरर' वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क नव्हे, साटा केबल खराब असते. शंभर-दीडशे रुपयांची केबल बदला.

त्यानंतर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणं. एसएसडीला करायचं नसतं, हार्ड डिस्कला अजूनही करायचं असतं. स्टीमचे अपडेट गेमच्या फाइलींची चाळण करून ठेवतात. आणि हे कॅशे लावायच्या *आधी* करायचं, यामागे कारण आहे. कॅशेला फाइलींची नावं माहीत नसतात, तिला डिस्कवरचे ब्लॉक क्रमांक कळतात. डीफ्रॅग ब्लॉक इकडचे तिकडे हलवतं, आणि कॅशेने महिनाभर जमवलेली नोंद एका रात्रीत निकामी होते. विंडोजचं साप्ताहिक ऑप्टिमाइझ वेळापत्रक याच कारणासाठी या ड्राइव्हपुरतं बंद करून ठेवा. पुढे वर्षातून एकदा हाताने केलंत तरी पुष्कळ झालं.

पॉवर ऑप्शन्समध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' २० मिनिटांवर असेल तर शून्य करा. खेळताना मधेच दहा सेकंद सगळं थिजतं ते पुष्कळदा यामुळेच. डिस्क झोपलेली असते, तिला उठून फिरायला लागायला वेळ लागतो. नुसतं एवढं केल्यावर तक्रार मिटलेले लोक मी पाहिलेत.

एसएसडी बसवणं

पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. अडीच इंची एसएसडीला दोन वायरी लागतात: बोर्डाकडून येणारी पातळ साटा डेटा केबल आणि पॉवर सप्लायकडून येणारा रुंद कनेक्टर. दोन्ही एल आकाराचे असतात, उलटे बसत नाहीत, त्यामुळे जोर लावू नका. स्क्रू नसले तर एसएसडी कुठेही चिकटपट्टीने लावली तरी चालते, आत काही फिरत नाही.

एम.२ (बोर्डावर थेट खोचायची चपटी) एसएसडी लावणार असाल तर बोर्डाचं मॅन्युअल नक्की बघा. अनेक बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. मग हार्ड डिस्क 'गायब' होते आणि माणूस घाबरून रिपेअरवाल्याकडे धावतो. पोर्ट बदलला की ती परत दिसते.

विंडोज सुरू झाल्यावर स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. माझी १२० जीबीची एसएसडी तिथे १११ जीबी दिसत होती. यात चोरी नाही, कंपनी १०००च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. एसएसडीवरचं जुनं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) डिलीट व्हॉल्यूमने काढा. इथे दोनदा बघा, कुठली डिस्क निवडलीय ते. डिस्क ०, डिस्क १ या क्रमांकांवर विसंबू नका, आकारावरून ओळखा. मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम घेऊन आकारात १०२४०० टाका, म्हणजे बरोबर १०० जीबी. उरलेले ११ जीबी मोकळे सोडा. कॅशेच्या एसएसडीवर सतत लिहिलं-पुसलं जातं, भरगच्च एसएसडी लिहिताना मंदावते, तिला हात-पाय पसरायला जागा लागते.

कॅशेसाठी नवीनच घेणार असाल तर २४०-२५६ जीबी पुरे. खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर टीबीडब्ल्यू बघा, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून होतील याची हमी. क्रुशियल बीएक्स५००च्या २४० जीबी मॉडेलला ती ८० आहे, सॅमसंग ८७० इव्होच्या २५० जीबीला १५०. कॅशेमध्ये रोज २० जीबी नवीन भरलं तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे ८०वाली सुद्धा दहा-अकरा वर्षं जाते. 'कॅशेने एसएसडी मरते' ही भीती निदान गेमच्या वापरापुरती फुकाची आहे. नावगाव नसलेली, आकड्यांची हमीच न देणारी स्वस्त एसएसडी मात्र घेऊ नका. तिचा लिहिण्याचा बफर संपला की ती हार्ड डिस्कपेक्षाही हळू लिहू शकते.

कॅशे तयार करणं

प्रायमोकॅशे इन्स्टॉल केल्यावर रीस्टार्ट करा. यात दोन थर असतात. लेव्हल-१ म्हणजे रॅममधली कॅशे, लेव्हल-२ म्हणजे एसएसडीवरची. आपल्याला दुसरी हवी.

सुरुवात 'मॅनेज लेव्हल-२ स्टोरेजेस' या बटणापासून. तिथे नवीन स्टोरेज तयार करताना एसएसडीवरचं ते १०० जीबीचं पार्टिशन निवडा. त्यातलं सगळं पुसलं जाईल अशी सूचना येते, ती खरी असते. हो म्हटल्यावर ते पार्टिशन धिस पीसीमधून दिसेनासं होतं. बरोबर आहे, आता ते फाइली ठेवायचं राहिलं नाही.

मग 'क्रिएट अ न्यू कॅशे टास्क'. ड्राइव्हच्या यादीतून *फक्त* गेम असलेला व्हॉल्यूम (पार्टिशन) निवडा. सी ड्राइव्ह आधीच एसएसडीवर असेल तर तिला हात लावू नका. फोटो, कागदपत्रं त्याच डिस्कवर असतील तर शक्य असल्यास गेमचं पार्टिशन वेगळं करा. का ते पुढे सांगतो. यूएसबीची बाहेरची डिस्क यात घेऊ नका. ती कुणीतरी कधीतरी उपटून नेतंच.

पुढच्या पानावर खरी आकडेमोड आहे. लेव्हल-१ला शून्य द्या, फार तर १ जीबी. विंडोज स्वतःच रिकाम्या रॅममध्ये अलीकडे वाचलेल्या फाइली ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कॅश्ड' म्हणून दिसतं ते हेच. १६ जीबी रॅममधले ४ जीबी वेगळे काढून तीच गोष्ट दुसऱ्यांदा करायची, तर गेमला मिळणारी रॅम तेवढी घटते. ३२ किंवा ६४ जीबी रॅमवाल्यांनी हवे तर लाड करावेत.

लेव्हल-२चा आकार पूर्ण १०० जीबी. ब्लॉक साइझवर मात्र जरा थांबा. ४ केबी निवडलं तर १०० जीबीचे २ कोटी ६२ लाख ब्लॉक होतात, आणि प्रत्येकाची नोंद रॅममध्ये ठेवावी लागते. एका नोंदीला समजा २४ बाइट धरले, तर ६०० एमबीच्या वर रॅम नुसत्या खतावणीत जाते. ६४ केबी घेतलं तर ब्लॉक होतात १६ लाख ३८ हजार आणि खतावणी ४० एमबीच्या आत. गेमच्या फाइली मोठ्या असतात, त्यांना ६४ केबी छान जमतं. तुमच्या निवडीला नेमकी किती रॅम लागेल ते प्रोग्रॅम 'ओव्हरहेड' म्हणून तिथल्या तिथे दाखवतो, आकडे बदलून बघा.

स्ट्रॅटेजीमध्ये रीड ओन्ली निवडा. डिफर-राइट बंद ठेवा.

डिफर-राइट बंद का

डिफर-राइट चालू केलं की लिहायची माहिती लगेच डिस्कवर जात नाही, आधी कॅशेत थांबते आणि ठरवलेल्या सेकंदांनी खाली उतरते. आकडे बघायला भारी वाटतात, रॅममधली कॅशे असेल तर डिस्कचा लिहिण्याचा वेग सेकंदाला काही हजार एमबी दिसू लागतो. मीही मोहात पडून ३०० सेकंद ठेवले होते. म्हणजे पाच मिनिटांपर्यंतचं काम हवेत.

मे महिना, दुपारची वेळ, स्टीमचा अपडेट चालू आणि लाईट गेली. इन्व्हर्टर पंख्यांना होता, पीसीला नव्हता. लाईट आल्यावर विंडोजने उघडतानाच डिस्क तपासायला घेतली. गेमचं काय, स्टीममध्ये व्हेरिफाय (फाइलींची तपासणी) करून पुन्हा उतरवून घेतला. पण त्याच व्हॉल्यूमवर सकाळपासून भाचीच्या बारशाचे फोटो कॉपी करत होतो. त्यातले शेवटचे दोन उघडले तर वर अर्धा पाळणा आणि खाली नुसता करडा पट्टा. कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं नव्हतं म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी माझी, सेटिंगच्या शेजारी इशारा लिहिलेला होता.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि मे महिन्यात लाईटीचा भरवसा किती, हे नव्याने सांगायला नको. यूपीएस असला तरी ब्लू स्क्रीनला तो काय करणार? आणि गेमचा मुळात बहुतेक धंदा वाचण्याचा असतो, लिहिण्यात वाचवलेल्या सेकंदांचं करायचं काय? रीड ओन्लीमध्ये प्रत्येक गोष्टीची खरी प्रत हार्ड डिस्कवरच असते, एसएसडी उद्या जळाली तरी गेमचा एक बाइट जात नाही.

असाच आणखी एक धोका ज्यांच्या पीसीवर विंडोजसोबत लिनक्सही आहे त्यांना. लिनक्समध्ये जाऊन त्या गेमच्या पार्टिशनवर काही लिहिलंत, तर विंडोजमधल्या कॅशेला त्याचा पत्ता नसतो. परत आल्यावर ती जुनेच ब्लॉक पुढे करते आणि फाइली बिघडतात. अशा वेळी ते पार्टिशन लिनक्सला फक्त वाचायला द्या, किंवा दर वेळी लेव्हल-२ रिकामी करा. दुसरं तुम्ही एक दिवस विसरालच, म्हणून पहिलं.

फरक मोजणं

इथे मी म्हणालो म्हणून विश्वास ठेवू नका, फोनवरचं स्टॉपवॉच काढा. पण मोजायची रीत आहे. गेम बंद करून लगेच पुन्हा उघडला की तो कॅशेशिवायही लवकर उघडतो, कारण विंडोजच्या रॅममध्ये तो शिल्लक असतो. या चकव्यामुळे लोक 'अरे वा, लगेच फरक पडला' म्हणतात. प्रत्येक मोजणीआधी रीस्टार्ट हवं. शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही. उघडल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, पार्श्वभूमीतली कामं संपू द्या. मग मेनूतल्या 'कंटिन्यू'वर क्लिक केल्यापासून पात्र हलायला लागेपर्यंतचे सेकंद मोजा. एकच सेव्ह फाइल, तीन वेळा. कॅशे लावायच्या आधीचे तीन आकडे कागदावर असतील तरच नंतरच्या तीनांना अर्थ.

कॅशे लावल्यावर पहिला दिवस निराशेचा जातो. तोवर ती रिकामी असते. चार-पाच दिवस नेहमीसारखं खेळा, मग मोजा. प्रायमोकॅशेच्या मुख्य पडद्यावर हिट रेट दिसतो. वाचायला मागितलेल्यापैकी किती कॅशेतून दिलं, त्याची ती टक्केवारी. आठवड्यानंतरही ती २०-३०वरच रेंगाळत असेल तर कॅशे तुमच्या वापराला लहान पडतेय किंवा तिच्यात कचरा भरतोय.

कचऱ्याचं नेहमीचं मूळ म्हणजे अँटिव्हायरस. पूर्ण स्कॅन चार टीबी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि बिचारी कॅशे त्यालाच तुमची आवड समजते. विंडोज सिक्युरिटीमध्ये एक्सक्लूजनमध्ये स्टीमअ‍ॅप्सचं फोल्डर घाला. ओळखीच्या दुकानातून घेतलेल्याच गेमसाठी हं, कुठूनतरी उतरवलेल्या 'फुकट' गेमला ही सूट देऊ नका. मोठा बॅकअप किंवा व्हेरिफाय चालवायचा असेल तेव्हा टास्क पॉज करून ठेवा, झाल्यावर पुन्हा चालू करा. मोठ्या अपडेटनंतर दोन दिवस गेम परत रडत उघडेल, कारण बदललेले ब्लॉक कॅशेला नवीन असतात.

जिथे कॅशे हात टेकते

'जीटीए ऑनलाइन' वर्षानुवर्षं पाच-सहा मिनिटं लोड व्हायचा. लोकांनी एसएसडी घेतल्या, फारसा फरक नाही. २०२१मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने खोदून काढलं की १० एमबीची एक यादी गेम इतक्या वेडगळ पद्धतीने वाचतोय की प्रोसेसरचा एक कोर मिनिटंच्या मिनिटं त्यातच अडकतो. त्याने दुरुस्ती केल्यावर त्याच्या पीसीवर सहा मिनिटांचे एक मिनिट पन्नास सेकंद झाले. रॉकस्टारने दुरुस्ती मान्य करून त्याला १०,००० डॉलरचं बक्षीस दिलं. म्हणून लोडिंग चालू असताना एकदा टास्क मॅनेजर बघा. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर कॅशे कामाची. डिस्क निवांत आणि प्रोसेसर घामाघूम असेल तर नाही.

दुसरी मर्यादा नव्या गेमांची. 'स्टारफील्ड' आणि 'बाल्डर्स गेट ३' हे २०२३चे गेम किमान गरजांमध्येच एसएसडी लिहितात, 'सायबरपंक २०७७'नेही त्याच वर्षी हार्ड डिस्कला रामराम केला. बाल्डर्स गेटमध्ये 'स्लो एचडीडी मोड' नावाची सेटिंग आहे, हार्ड डिस्कवर चालवायचाच असेल तर ती चालू करा. पण कॅशे लावून हे गेम रेटण्यात मला मजा वाटली नाही. सरासरी वेळ सुधारते, मात्र प्रत्येक नव्या जागी पहिल्यांदा जाताना तोच झटका बसतो. मोठे जुने गेम डिस्क आणि कॅशेवर, आणि चालू असलेला एक नवा गेम थेट एसएसडीवर, अशी माझी वाटणी होती.

लिनक्सवर खेळणाऱ्यांना हे सगळं फुकट मिळतं. बीकॅशे २०१३पासून, म्हणजे लिनक्सच्या कर्नेलच्या (गाभ्याच्या) ३.१० आवृत्तीपासून आहे, पण त्यासाठी डिस्क आधीच तशी तयार करावी लागते, भरलेल्या डिस्कवर सहज लावता येत नाही. तुमची डिस्क एलव्हीएमवर (लिनक्सची डिस्क विभागायची एक पद्धत) असेल तर एलव्हीएमकॅशे घ्या, ती भरलेल्या व्हॉल्यूमलाही जोडता येते आणि नको तेव्हा सोडवताही येते. तिच्यात राइटथ्रू मोड (लगेच डिस्कवरही लिहिणारा) ठेवा, राइटबॅक (नंतर उतरवणारा) नको. कारण तेच, बारशाच्या फोटोंचं.

काढायची वेळ आली की

एक दिवस मोठी एसएसडी येते आणि कॅशेची गरज संपते. तेव्हा कॅबिनेट उघडून एसएसडी उपटू नका. प्रायमोकॅशेमध्ये टास्क थांबवून डिलीट करा, लेव्हल-२ स्टोरेजच्या पानावर जाऊन ते स्टोरेजही काढा, रीस्टार्ट करून गेम हार्ड डिस्कवरून नीट उघडतोय ना ते बघा. मग प्रोग्रॅम अनइन्स्टॉल, मग पीसी बंद, मग स्क्रू ड्रायव्हर. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या एसएसडीला नवं पार्टिशन दिलं की ती पुन्हा साधी ड्राइव्ह होते. माझी सध्या भावाच्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये आहे, विंडोज तिच्यावरूनच उघडतं.